सुखरूप सुटका

मराठीत बाळंत झालेल्या स्त्रीविषयी 'ती सुटली' असे म्हणण्याची रीत आहे. माहेराहून निरोप येई तोही असाच, 'सुखरूप सुटका झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत.' या शब्दांत आनंद आहे, पण त्या आनंदाखाली भीतीही दडलेली आहे. कारण सुटका होते ती संकटातून. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असतो, असे जुन्या स्त्रिया म्हणत, त्यामागेही अनुभव होता. बाळंतपणात गेलेल्या एखाद्या लेकी-सुनेची आठवण नाही, असे घर चार पिढ्यांपूर्वी क्वचितच आढळले असते.

बाळाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल. जन्मानंतर पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाते. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, अशी समजूत आहे. बारसे त्यानंतर, बाराव्या दिवशी. पहिला आठवडा पार पडेल की नाही याचीच खात्री नसल्यामुळे नाव ठेवण्याची घाई केली जात नसावी. आजचे वैद्यकशास्त्रही याच आठवड्याकडे बोट दाखवते. जन्मापासून २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बालकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बालके पहिल्या सात दिवसांतच दगावतात. हे दिवस धोक्याचे आहेत, हे आजीला ठाऊक होते. तो धोका कशातून उद्भवतो आणि कसा टाळता येतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

कल्याण येथे १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या जीवनाला याच प्रश्नाने वळण दिले. नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघा दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, ही खंत त्यांच्या मनात राहिली आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जाऊन १८८६ साली त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. मायदेशी परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले आणि ज्या कामासाठी त्या शिकल्या ते काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही.

गर्भारपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा त्यानंतरच्या ४२ दिवसांत, गर्भारपणाशी निगडित कारणाने स्त्रीचा मृत्यू झाला, तर त्यास 'माता मृत्यू' असे म्हणतात. एक लाख जिवंत जन्मांमागे असे किती मृत्यू झाले, यावरून देशाची किंवा राज्याची स्थिती मोजली जाते. भारतात २००४ ते २००६ या काळात हे प्रमाण २५४ होते. २०१८ ते २०२० या काळात ते ९७ पर्यंत खाली आले. ही घट मोठी आहे यात शंका नाही. परंतु याच तीन वर्षांत केरळमध्ये हे प्रमाण १९, महाराष्ट्रात ३३ आणि आसाममध्ये १९५ होते. देश एक, काळ एक, स्त्रियांची शरीररचनाही एकच. तरीही एका राज्यात दुसऱ्याच्या दहापट मृत्यू होतात. बाळंतपणातील मृत्यू हा दैवाचा भाग असता, तर तो सर्वत्र सारखाच दिसला असता.

युरोपलाही हे सहजासहजी उमगले नव्हते. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर बाळंतिणींपैकी अकराहून अधिक मरण पावल्या. दुसऱ्या विभागात हे प्रमाण तीनपेक्षाही कमी होते. शहरातील गरीब स्त्रियांना ही गोष्ट ठाऊक होती आणि आपल्याला पहिल्या विभागात पाठवू नये म्हणून त्या गयावया करीत. तेथील तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांना या फरकाचे कोडे सुटत नव्हते. पुढे त्यांचा एक सहकारी शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन दगावला आणि त्याची लक्षणे बाळंतिणींच्या सूतिकाज्वरासारखीच असल्याचे सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत. रोग त्यांच्याच हातांवरून जात होता. १८४७ साली त्यांनी प्रत्येकास क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. पुढच्याच वर्षी पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शंभरात सुमारे एकवर आले. एवढे होऊनही अनेक नामवंत डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे मानले नाही. आपल्याच हातांनी रोगी मरतात, हे मान्य करणे विद्वानांनाही जड जाते.

स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापण्यासाठी नवे पाते, नाळ बांधण्यासाठी स्वच्छ दोरा एवढ्या साध्या गोष्टींनी असंख्य माता व बालके वाचली आहेत. नवजात बालकाचा धनुर्वात हा एकेकाळी भारतातील खेड्यांचा शाप होता. बाळ दूध ओढेनासे होई, जबडा घट्ट मिटे, शरीर धनुष्यासारखे ताठे आणि ते दगावे. गर्भवतीस धनुर्वाताची लस देणे आणि नाळ स्वच्छ पात्याने कापणे या दोन उपायांनी तो इतका आटोक्यात आला, की २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारताने साध्य केल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

मातेच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण म्हणजे प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. वार पडल्यानंतर गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. काही कारणाने गर्भाशय सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते. अशी स्त्री दोन तासांतही दगावू शकते. गर्भाशय आकुंचित करणारे इंजेक्शन प्रसूती होताच दिल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो. अडचण अशी की 'थोडे जास्त अंगावरून जाते आहे' हे किती जास्त, याचा अंदाज नुसत्या नजरेने येत नाही. अनुभवी डॉक्टरही तो कमीच करतात. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील ८० रुग्णालयांत एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची साधी पिशवी लावून रक्त मोजले गेले आणि ठरावीक खूण ओलांडताच सर्व उपचार एकाच वेळी सुरू केले गेले. त्यामुळे तीव्र रक्तस्राव व त्यातून उद्भवणारे गंभीर प्रसंग ६० टक्क्यांनी घटले. औषधे जुनीच होती. नवे होते ते वेळेवर मोजणे.

ज्या स्त्रीच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, तिला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय होता. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खाणारी सून, वयात येताच लग्न झालेली मुलगी, पहिले मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस गेलेली स्त्री, यांच्या बाळंतपणातील संकट नऊ महिने आधी नव्हे, तर नऊ वर्षे आधी सुरू झालेले असते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्यात, असे सांगितले जाते. गोळीने मळमळते म्हणून त्या डब्यातच राहतात, हेही तितकेच खरे. गोळी जेवणानंतर, चहाबरोबर न घेता, रात्री झोपताना घेतली तर हा त्रास कमी होतो, एवढे कोणी समजावून सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरे मोठे कारण म्हणजे गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज येणे ही त्याची लक्षणे होत. वेळीच लक्ष दिले नाही, तर झटके येतात. अशा वेळी 'बाहेरची बाधा' झाली असे समजून अंगारे-धुपारे करण्यात जे तास जातात, ते पुन्हा मिळत नाहीत. झटके थांबवणारे मॅग्नेशियम सल्फेट हे औषध स्वस्त आहे आणि रक्तदाब मोजण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

उपाय ठाऊक आहेत, ते महागही नाहीत. मग मृत्यू का होतात? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली याचे उत्तर 'तीन विलंब' या स्वरूपात मांडले. दवाखान्यात जायचे हे ठरवण्यास होणारा उशीर, तेथे पोहोचण्यास होणारा उशीर आणि पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यास होणारा उशीर. यांपैकी पहिला विलंब घराच्या आत घडतो, म्हणून तो बाहेरच्यांना दिसत नाही. कळा देणारी स्त्री निर्णय घेत नाही; सासू म्हणते, थोडी वाट पाहू; नवरा कामावर असतो; पैसे कोणाकडून आणायचे याचा विचार चालू असतो. बैल आजारी पडला तर रात्रीच धावाधाव होते, पण बाईच्या दुखण्याला उजाडण्याची वाट पाहावी लागते. ही तुलना कटू वाटेल, परंतु ग्रामीण भागात काम केलेल्या परिचारिकांना ती अपरिचित नाही.

दुसरा विलंब रस्त्यांचा आणि नद्यांचा. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने अनेकदा जगापासून तुटतो. अशा वेळी कळा सुरू झाल्यावर वाहन शोधणे व्यर्थ असते. म्हणून महाराष्ट्राच्या आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' उभारण्याची योजना आखली गेली. दिवस भरत आलेल्या गर्भवतीने चार-आठ दिवस आधीच तेथे येऊन राहायचे, सोबत घरचे माणूसही राहू शकते. या नावात मोठे शहाणपण आहे. 'रुग्णालय' या शब्दाला जी स्त्री बिचकते, तिला 'माहेर' या शब्दाचे भय वाटत नाही.

नवजात बालकांविषयीचा एक महत्त्वाचा प्रयोग याच गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९८८ साली त्यांनी गावोगावची नोंद केली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२१ बालके पहिल्या वर्षातच मरण पावत असल्याचे दिसले. न्यूमोनियावरील उपचार गावात पोहोचवल्यावर हे मृत्यू काही प्रमाणात घटले. पण पहिल्या महिन्यातील मृत्यू मात्र हटत नव्हते. आजारी नवजात बालकास रुग्णालयातच न्यावे, असा तेव्हाचा वैद्यकीय नियम होता. प्रत्यक्षात गावातील जवळजवळ सर्व बाळंतपणे घरीच होत आणि बाळंतीण व बाळ दोघेही सोयरात बसलेले असत. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील बालकांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शंभरातील जेमतेम तिघांना.

बाळ रुग्णालयात जात नसेल तर उपचार बाळाकडे नेणे, हाच मार्ग उरत होता. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना प्रशिक्षण दिले गेले. त्यांना 'आरोग्यदूत' असे नाव मिळाले. प्रसूतीच्या वेळी सुईणीबरोबर त्या हजर राहत. न रडलेल्या बाळाला पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने श्वास देण्यास त्या शिकल्या. झोळीच्या काट्याने बाळाचे वजन करणे, तापमान घेणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, त्याला अंगावर पाजण्यास आईला मदत करणे ही कामे त्या घरी जाऊन करीत. बाळाचे रडणे क्षीण झाले, त्याने दूध ओढणे सोडले, अंग लुळे पडले, तर रक्तात जंतुसंसर्ग झाला असावा हे त्यांना ओळखता येई; आणि आई-वडिलांच्या संमतीने त्या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. श्वास मोजण्यासाठी एक साधे उपकरण तयार करण्यात आले होते. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटे करायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाने मिनिटात साठ किंवा अधिक श्वास घेतले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत, अशा सुईणींनाही ते वापरता येई.

खेड्यातील बाई बाळाला इंजेक्शन देणार, या कल्पनेने अनेक तज्ज्ञ अस्वस्थ झाले. त्यांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. परंतु आकड्यांनी तिला उत्तर दिले. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ होते, ते १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे इतर देशांनीही ही पद्धत आजमावली. भारत सरकारने २०११ साली ती 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर राबवण्याचे ठरवले. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळ घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही. मात्र गडचिरोलीतील आरोग्यदूत इंजेक्शन देत, तशी मुभा आशांना दिलेली नाही. आजारी बाळ ओळखून त्याला पुढे पाठवणे हे त्यांचे काम होय, आणि म्हणून वाहन व रुग्णालय सज्ज असणे अधिकच अगत्याचे ठरते.

ऊब ही नवजात बालकाची पहिली गरज आहे. या बाबतीत जुन्या चालीरीतींना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. बाळ-बाळंतिणीला वाऱ्यापासून जपणे, टोपडे घालणे, दुपट्यात गुंडाळणे, पाहुण्यांची वर्दळ टाळणे हे सारे हितकारकच आहे. चीक काढून टाकणे, मध किंवा गूळपाणी चाटवणे, नाळेवर राख वा शेण लावणे आणि जन्मताच बाळाला न्हाऊ घालणे हे मात्र घातक होय. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात; ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. खोलीत शेगडी पेटवल्याने ऊब मिळते, पण धूर बाळाच्या छातीत जातो. धूर नसलेली ऊब आईच्या अंगातच असते. कोलंबिया देशातील बोगोटा येथे १९७८ साली पुरेशा उबपेट्या नसल्यामुळे डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू आपले पिलू पोटाच्या पिशवीत ठेवतो तशीच ही रीत, म्हणून तिला कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेचच असे छातीशी ठेवल्यास त्यांचे मृत्यू एक-चतुर्थांशाने घटतात, असे दिसून आले.

बाळंतपणे आता मोठ्या प्रमाणावर रुग्णालयांत होतात. २००५-०६ मध्ये देशातील शंभरांपैकी ३९ बाळंतपणे रुग्णालयात झाली होती. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत ही संख्या ८९ वर गेली. सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासूनचा प्रवास विनामूल्य मिळावा, असा नियम २०११ पासून आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी करण्याची मोहीम २०१६ साली सुरू झाली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली प्रथा प्रेमळ आहे, परंतु त्यामुळे एका गावची नोंद दुसऱ्या गावाला कळत नाही. म्हणून सासरी मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड बाळंतविड्याबरोबरच पिशवीत ठेवावे. रक्तगट, रक्तदाब, आधीच्या बाळंतपणाची हकिगत हे सारे त्यावर लिहिलेले असते आणि मध्यरात्री अनोळखी डॉक्टरला त्याचाच आधार होतो.

मात्र रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचले म्हणजे संकट टळले, असे नाही. तेथे भूलतज्ज्ञ नसेल, रक्त दुसऱ्या गावाहून आणावे लागत असेल, किंवा कळा देणाऱ्या स्त्रीवर कोणी खेकसत असेल, तर तिसरा विलंब सुरू होतो. अपमानित झालेली स्त्री पुढच्या वेळी उशिराच येते, आणि येताना गावातील इतर दोघींनाही तोच सल्ला देऊन आलेली असते.

२०१८ ते २०२० या काळात माता मृत्यूचे प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या केरळमध्ये २००४ सालापासून एक वेगळे काम चालू आहे. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सरकारच्या साहाय्याने बाळंतपणातील मृत्यूंची तपासणी करते. कागदपत्रांवरील रुग्णाचे, डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे नाव आधी काढून टाकले जाते, कारण शिक्षेच्या भीतीने कोणी खरे सांगत नाही. त्यानंतर जाणकार मंडळी एकत्र बसून विचारतात : रक्तस्राव केव्हा सुरू झाला, तो कोणाच्या लक्षात आला, इंजेक्शन किती वाजता दिले, रक्त केव्हा मागवले आणि केव्हा मिळाले, गाडी किती वाजता निघाली. या उत्तरांतून पुढील वर्षी प्रसूतिगृहांत काय बदलायचे ते ठरते आणि राज्यभरातील डॉक्टर व परिचारिकांना त्याप्रमाणे प्रशिक्षण दिले जाते.